तीन डब्ल्यू ठेवायचे की काढायचे? पत्ता ठरवूनही गूगलमध्ये जुनाच पत्ता परत येतो तेव्हा

साइट एकच, पण गूगलमध्ये काही पानं तीन डब्ल्यूंसकट दिसतात आणि काही त्यांच्याशिवाय. रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणारा नियम) लावला, दोन-तीन महिने सुरळीत चाललं, आणि मग जुना पत्ता पुन्हा डोकं वर काढतो. किंवा एके सकाळी सर्च कन्सोल (गूगल शोधातले साइटचे आकडे दाखवणारं गूगलचं साधन) उघडावं तर क्लिकची रेघ थेट तळाला गेलेली. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: साइटचा खरा पत्ता कोणता, हे साइटच्याच वेगवेगळ्या जागा वेगवेगळं सांगत असतात. दोन्हींपैकी कोणताही पत्ता निवडा, त्यानं रँकिंगला धक्का लागत नाही. निवडल्यावर रीडायरेक्टमध्ये एक, कॅनॉनिकल टॅगमध्ये (पानाचा मुख्य पत्ता सांगणारी कोडमधली ओळ) दुसरा आणि साइटमॅपमध्ये (साइटच्या पत्त्यांची सर्च इंजिनसाठीची यादी) तिसराच राहिला, की लागतो.

पुढे 'डब्ल्यूचा पत्ता' म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूनं सुरू होणारा आणि 'बिनडब्ल्यूचा' म्हणजे नुसतं डोमेन, असं धरून चाला.

घसरण खरी आहे का, हे आधी बघा

सर्च कन्सोलमध्ये साइट दोन प्रकारे जोडता येते. 'यूआरएल प्रीफिक्स' प्रकारात तुम्ही जो पत्ता टाकला तेवढ्याचेच आकडे दिसतात. डब्ल्यूचा टाकला असेल तर बिनडब्ल्यूच्या पानांचा एकही क्लिक तिथे येत नाही. शिवाय क्लिक मोजले जातात ते गूगलनं मुख्य मानलेल्या पत्त्याच्या खात्यावर. म्हणजे गूगलनं पत्ता बदलला, की जुन्या प्रॉपर्टीत (सर्च कन्सोलमध्ये जोडलेल्या पत्त्याच्या नोंदीत) आकडे शून्याकडे जातात आणि नव्या पत्त्याच्या प्रॉपर्टीत तेवढेच वाढतात. ती प्रॉपर्टी तुम्ही जोडलेलीच नसेल तर साइट बुडाली असं वाटतं. या घबराटीत लोक रीडायरेक्ट उलटा फिरवतात आणि तिथून खरं नुकसान सुरू होतं.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी 'डोमेन' प्रकारची प्रॉपर्टी जोडा. ही सोय २०१९पासून आहे. डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी नोंदवही) एक टीएक्सटी म्हणजे मजकुराची नोंद टाकून मालकी सिद्ध करायची. मग एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यू, बिनडब्ल्यू आणि बाकीचे सबडोमेन या सगळ्यांचे आकडे एकत्र दिसतात. डीएनएस हाताशी नसेल तर चारही पत्ते प्रीफिक्स म्हणून वेगवेगळे जोडा आणि बेरीज करून बघा. बेरीज पूर्वीइतकीच असेल तर रँकिंग गेलेलं नाही, फक्त वहीचं पान बदललंय.

गूगल पत्ता कसा ठरवतं

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यू असलेला आणि नसलेला, असे एकाच पानाचे चार पत्ते होतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हा तांत्रिक अर्थानं इतरांसारखाच एक सबडोमेन आहे. डब्ल्यूच्या पत्त्यावर एक साइट आणि बिनडब्ल्यूच्या पत्त्यावर वेगळीच साइट ठेवता येते, त्यामुळे सर्च इंजिन दोन्ही डोळे मिटून एक मानत नाही. ते सारख्या पानांचा गट करतं, त्यातला एक पत्ता मुख्य म्हणून निवडतं आणि गटातल्या सगळ्या पत्त्यांकडे येणाऱ्या लिंकचं वजन त्याच्याकडे जमा करतं. चार पत्ते उघडे राहिले म्हणून गूगल शिक्षा करतं, हा समज चुकीचा आहे. तोटा वेगळा आहे: निवड तुमच्या हातात राहत नाही, आणि इशारे एकमेकांविरुद्ध असले तर ती पानागणिक वेगळी होऊ शकते.

पूर्वी सर्च कन्सोलमध्ये पसंतीचं डोमेन सांगण्याची एक सेटिंग होती. ती जून २०१९मध्ये काढून टाकली. जुने लेख वाचून ती शोधत बसू नका. आता गूगल इशारे वाचतं. त्यातले रीडायरेक्ट आणि कॅनॉनिकल टॅग हे वजनदार इशारे. साइटमॅपमधला पत्ता त्यांच्यापेक्षा हलका. आणि साइटच्या आतल्या लिंक कोणत्या पत्त्याकडे जातात हेही पाहिलं जातं. एचटीटीपीएस आणि एचटीटीपी दोन्ही उघडत असतील तर एचटीटीपीएसकडे कल असतो, पण सर्टिफिकेट (एचटीटीपीएसला लागणारं साइटचं ओळखपत्र) बिघडलेलं असेल किंवा एचटीटीपीएसचं पान एचटीटीपीकडे वळवत असेल तर तो कल उलटतो.

मग कोणता निवडायचा?

गूगलनं आधीच निवडलाय तो. साइट जुनी असेल तर हे उत्तर सहसा बदलत नाही. सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत मुखपृष्ठ आणि सर्वाधिक वाचली जाणारी दहा-बारा पानं घालून बघा. तिथे 'तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल' आणि 'गूगलनं निवडलेला कॅनॉनिकल' अशा दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत बहुतेक पानांना जो पत्ता दिसतो तोच कायम करा. दिसायला सुटसुटीत म्हणून किंवा व्हिजिटिंग कार्डावर छान दिसतो म्हणून चालू साइटचा पत्ता फिरवणं आम्हाला पटत नाही. सगळं बरोबर केलं तरी काही आठवडे हेलकावे बसतात, आणि बदल्यात रँकिंगमध्ये काहीच मिळत नाही.

नवी साइट असेल तर दोन तांत्रिक गोष्टी बघा. पहिली डीएनएसची: नुसत्या डोमेनवर सीनेम नोंद (एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी) ठेवता येत नाही, तिथे ए नोंद (नावाला थेट आयपी देणारी) लागते. म्हणजे होस्टिंगवाल्यानं आयपी बदलला की तुम्हाला नोंद हातानं बदलावी लागते. डब्ल्यूच्या नावावर सीनेम चालतो, त्यामुळे सीडीएन (पानं ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) किंवा बाहेरची सेवा जोडणं सोपं जातं. क्लाउडफ्लेअरसारखे काही डीएनएसवाले ही अडचण आपल्या पद्धतीनं सोडवतात, पण सगळे नाहीत. दुसरी कुकींची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी): संपूर्ण डोमेनसाठी ठेवलेली कुकी प्रत्येक सबडोमेनकडे जाते. चित्रांसाठी किंवा ॲपसाठी वेगळे सबडोमेन असतील तर मुख्य साइट डब्ल्यूवर ठेवणं मोकळं पडतं. यातलं काहीच लागू नसेल तर नाणं उडवलं तरी चालेल.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर स्वतःचं डोमेन लावलं असेल तर निवड करायचीच नसते. ब्लॉग डब्ल्यूच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सबडोमेनवरच चालतो. डब्ल्यूचा सीनेम जीएचएस.गूगल.कॉमकडे, आणि नुसत्या डोमेनला चार ए नोंदी: २१६.२३९.३२.२१, २१६.२३९.३४.२१, २१६.२३९.३६.२१, २१६.२३९.३८.२१. मग ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये पब्लिशिंगखाली 'रीडायरेक्ट डोमेन' चालू करायचं, आणि एचटीटीपीएस रीडायरेक्टचं बटण वेगळं आहे तेही. पहिलं बटण बंद राहिलं की बिनडब्ल्यूचा पत्ता टाकणाऱ्या वाचकाला कोरं पान किंवा त्रुटी दिसते.

आत्ता काय चाललंय ते मोजा

ब्राउझरच्या पत्तापट्टीवर भरवसा ठेवू नका. क्रोम २०१९च्या ७६व्या आवृत्तीपासून पत्त्यातले तीन डब्ल्यू आणि एचटीटीपीएस झाकून ठेवतं. पट्टीत दोनदा क्लिक केल्यावर खरा पत्ता दिसतो. शिवाय ३०१ म्हणजे कायमचा रीडायरेक्ट ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे सर्व्हरवर दुरुस्ती होऊनही तुम्हाला जुनंच वागणं दिसत राहतं.

टर्मिनलमध्ये कर्ल ही आज्ञा वापरा; पत्त्याला सर्व्हर काय उत्तर देतो ते ती दाखवते. मोठा आय आणि मोठा एल हे दोन पर्याय दिले की फक्त शीर्षओळी (उत्तराच्या सुरुवातीची माहिती) येतात आणि रीडायरेक्टची पूर्ण साखळी दिसते. चारही पत्ते तपासा, आणि मुखपृष्ठावर थांबू नका. प्रत्येक पत्त्याला निदान तीन पानं द्या: एक मुखपृष्ठ, एक आतलं पान, आणि एक देवनागरी स्लगचं (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) पान ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर काहीतरी जोडलेलं आहे. अपेक्षित निकाल असा: हव्या त्या पत्त्याला २०० (पान मिळालं), बाकी तिन्हींना एकच ३०१ आणि लगेच त्याच पानावर २००. प्रश्नचिन्हानंतरचा भाग जसाच्या तसा पुढे गेलेला हवा.

काय वेगळं दिसलं तर काय समजायचं? तीनपैकी एखाद्याला थेट २०० आलं तर रीडायरेक्ट अर्धवट आहे. ३०२ किंवा ३०७ आलं तर सर्व्हर 'ही सोय तात्पुरती' असं सांगतोय. कायमच्या बदलाला ३०१ किंवा ३०८ हवा. दोन-तीन ३०१ एकामागून एक आले तर साखळी आहे. गूगलबॉट (गूगलचा पानं वाचणारा प्रोग्राम) दहा टप्प्यांपर्यंत जातो, पण प्रत्येक टप्पा वाचकाचा वेळ खातो आणि बिघडायला एक जागा वाढवतो. आतलं पान मागितल्यावर मुखपृष्ठ आलं तर ती सगळ्यात महागडी चूक. गूगल अशा वळणांना बहुधा 'सॉफ्ट ४०४' (म्हणजे पान नसल्यासारखं) धरतं आणि त्या आतल्या पानानं मिळवलेलं वजन नव्या पत्त्याकडे पोचत नाही.

क्रोमच्या डेव्हलपर साधनांत '३०७ इंटर्नल रीडायरेक्ट' दिसून पुष्कळ जण गोंधळतात. ते उत्तर सर्व्हरचं नसतंच. साइटनं एचएसटीएस (फक्त एचटीटीपीएसनंच या, अशी ब्राउझरला सूचना) लावलेलं असल्यामुळे ब्राउझर आपल्या पातळीवरच एचटीटीपीचं एचटीटीपीएस करतो. कर्लमध्ये ३०१ येत असेल तर निश्चिंत राहा.

दुरुस्ती, या क्रमानं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पायरी उलटी पडली तर मधल्या वेळात साइट बंद राहते.

आधी डीएनएस. दोन्ही नावं जिवंत हवीत. नको असलेलं नाव डीएनएसमधून काढून टाकलं म्हणजे प्रश्न मिटला, असं होत नाही. त्या नावावर आलेल्या सगळ्या जुन्या लिंक मेल्या.

मग सर्टिफिकेट. तेही दोन्ही नावांसाठी. रीडायरेक्टचं उत्तर ब्राउझरला मिळतं ते सुरक्षित जोडणी झाल्यावर. ज्या पत्त्यावरून वळवायचं आहे त्यालाच सर्टिफिकेट नसेल तर वाचक आणि गूगलबॉट दोघेही दारातच थांबतात. तारांकित सर्टिफिकेट घेतलेल्यांनी नीट बघावं: ते सबडोमेनांना लागू होतं, नुसत्या डोमेनला नाही. नुसतं डोमेन यादीत वेगळं लिहावं लागतं.

त्यानंतर सर्व्हरवरचा रीडायरेक्ट. अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरवर एचटीॲक्सेस फाइलमध्ये एकच नियम पुरतो. दोन अटी 'ऑर'नं जोडायच्या: एचटीटीपीएस बंद आहे, किंवा होस्टचं नाव हव्या नावाशी जुळत नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असलं की पूर्ण पत्त्यावर ३०१. एचटीटीपीएससाठी एक आणि डब्ल्यूसाठी दुसरा असे वेगळे नियम लिहिले की साखळी तयार होते. नियम वर्डप्रेसच्या 'बिगिन' आणि 'एंड' या खुणांच्या वर ठेवा. त्यांच्या मधला मजकूर वर्डप्रेस स्वतः पुन्हा लिहितं आणि तुमची ओळ गायब होते. 'जुळत नाही' ही अट त्याच फोल्डरवर चालणाऱ्या इतर सबडोमेनांनाही पकडते, तेव्हा ते असतील तर त्यांना वगळा. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर नको असलेल्या नावांसाठी वेगळा सर्व्हर ब्लॉक करून त्यात रिटर्न ३०१ द्यावा, आणि पानाच्या भागासाठी 'रिक्वेस्ट यूआरआय' हे चल वापरावं. नुसतं 'यूआरआय' वापरलं तर प्रश्नचिन्हानंतरचा भाग गळतो आणि देवनागरी अक्षरांचं कोडिंगही सुटतं.

आता साइटच्या आत या. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या जनरल पानावर 'वर्डप्रेस ॲड्रेस' आणि 'साइट ॲड्रेस' असे दोन रकाने आहेत. दोन्हींत हवा तो पत्ता, एचटीटीपीएससकट. सेव्ह केल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागेल, घाबरू नका. आतच जाता आलं नाही तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये होम आणि साइटयूआरएल हे दोन स्थिरांक लिहून बाहेर पडता येतं.

लेखांमधल्या जुन्या लिंक बदलताना डेटाबेसवर थेट एसक्यूएलनं 'शोधा आणि बदला' चालवू नका. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज अशा रूपात ठेवतं की मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि त्यापुढचा टिंब काढला की मजकूर चार अक्षरांनी आखूड होतो, लिहिलेली लांबी मात्र तीच राहते, आणि ती नोंद वाचताच येत नाही. विजेट आणि थीमच्या सेटिंग्ज उडतात त्या अशा. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या टर्मिनलवरच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा लांबीही दुरुस्त करते. बॅकअप घ्या, आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) करून किती जागा बदलतील ते बघा, आणि जीयूआयडी (लेखाची कायमची ओळख) हा स्तंभ वगळा. तो बदलला तर फीड वाचणाऱ्यांना सगळे जुने लेख नवे म्हणून येतात.

मग कॅनॉनिकल टॅग. प्रत्येक पानाच्या हेड भागात एक आणि एकच, एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिलेला, हव्या त्या पत्त्याचा. थीम एक टॅग घालते आणि एसईओ प्लगइन दुसरा, असं फार सापडतं. दोघांत वेगवेगळे पत्ते असले तर गूगल बहुधा दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. पानाचा सोर्स उघडून 'कॅनॉनिकल' शब्द किती वेळा येतो ते मोजा. हा टॅग ज्या पत्त्याकडे बोट दाखवतो तो पत्ता पुन्हा रीडायरेक्ट होऊन परत येत नाही ना, हेही बघा. रीडायरेक्ट बिनडब्ल्यूकडे आणि कॅनॉनिकल डब्ल्यूकडे, हीच जुना पत्ता परत येण्याची सर्वाधिक सापडणारी जोडी आहे.

शेवटी साइटमॅप नव्यानं तयार करून पाठवा, त्यात फक्त हवा तो पत्ता. मेनू, फूटर, लोगोमागची लिंक, भाषांच्या पर्यायी पानांचे टॅग, फेसबुक पानावरचा आणि गूगल बिझनेस प्रोफाइलमधला पत्ता हेही जाता जाता बदलून घ्या.

रोबोट्स फाइलबद्दल मात्र थांबून वाचा. सर्च इंजिननं काय वाचू नये हे सांगणारी ही फाइल प्रत्येक होस्टला आणि प्रोटोकॉलला वेगळी लागू होते. जुना पत्ता गूगलनं वाचू नये म्हणून त्याच्या रोबोट्स फाइलमध्ये 'डिसअलाउ' लिहिणं तर्काला धरून वाटतं, पण परिणाम उलटा होतो: गूगलबॉट तिथे जाऊच शकत नाही, म्हणून त्याला रीडायरेक्ट दिसत नाही, म्हणून जुना पत्ता इंडेक्समध्ये (गूगलच्या पानांच्या साठ्यात) तसाच राहतो. जुना पत्ता उघडाच ठेवा.

सर्च कन्सोलमधल्या दोन साधनांपासूनही लांब राहा. 'रिमूव्हल्स'मधून जुना पत्ता काढायला जाल तर एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यू, बिनडब्ल्यू अशी चारही रूपं निकालांतून लपतील. म्हणजे हवा तोही. आणि 'चेंज ऑफ ॲड्रेस' हे साधन डोमेनच बदलताना वापरायचं, त्याच डोमेनच्या डब्ल्यू-बिनडब्ल्यू बदलासाठी नाही.

रीडायरेक्ट गोल गोल फिरतोय

'टू मेनी रीडायरेक्ट्स' ही त्रुटी आली तर दोन जागा परस्परविरोधी आज्ञा देत आहेत. होस्टिंगच्या पॅनेलमधून डब्ल्यू काढण्याचा रीडायरेक्ट आणि वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूचा पत्ता, हे पहिलं कारण. दुसरं कारण क्लाउडफ्लेअरच्या 'फ्लेक्झिबल' पर्यायाचं. त्यात वाचक ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस असतं, पण क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर साधं एचटीटीपी. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या, क्लाउडफ्लेअर पुन्हा एचटीटीपीनंच येतं, आणि हे चालूच राहतं. सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवून पर्याय 'फुल स्ट्रिक्ट' करा. लोड बॅलन्सरमागेही (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरवर वाटणारी यंत्रणा) हेच घडतं. तिथे मूळ प्रोटोकॉल 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' या शीर्षओळीतून वाचावा लागतो.

देवनागरी पत्त्यांचं वेगळं दुखणं

मराठी स्लग असलेल्या साइटवर एक बिघाड असा येतो की इंग्रजी स्लगची पानं नीट वळतात आणि मराठी पानंच ४०४ देतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिली जाते. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. रीडायरेक्टच्या नियमानं आधीच कोड केलेला पत्ता पुन्हा कोड केला की टक्केचिन्हाच्या जागी टक्के-२५ येतं आणि पत्ता मोडतो. अपाचीत मूळ विनंतीची ओळ जशीच्या तशी उचलून वापरली आणि 'एनई' हा ध्वज दिला नाही तर हे हमखास घडतं. कर्लच्या निकालात टक्के-२५ दिसलं की समजा.

याच नऊच्या हिशेबामुळे वर्डप्रेसचा २०० अक्षरांचा स्लग साधारण २२ चिन्हांनंतर तुटतो, आणि मात्रा, अनुस्वार, हलंत ही वेगळी चिन्हं धरली जातात. तुटलेला स्लग दिसतो म्हणून पत्ता बदलण्याच्या त्याच दिवशी पर्मालिंकही (लेखाचा कायमचा पत्ता) दुरुस्त करायला घेऊ नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय बिघडलं ते शोधता येत नाही.

'दुसऱ्या', 'करणाऱ्या' अशा शब्दांतला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ या स्वतंत्र चिन्हानं, किंवा साध्या र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्हानं. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण बाइट वेगळ्या, म्हणून पत्तेही वेगळे. हातानं टाइप केलेल्या आतल्या लिंक यामुळे चुकतात. लिंक नेहमी प्रत्यक्ष पानावरून कॉपी करा.

डोमेनच .भारतवर असेल तर सर्व्हरच्या नियमांत देवनागरी नाव लिहून चालत नाही. ब्राउझर सर्व्हरला प्युनीकोड रूप (इंग्रजी अक्षरांत बदललेलं नाव) पाठवतो; .भारतचं ते रूप 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं आहे. होस्टची तुलना त्याच रूपाशी करा, आणि कॅनॉनिकल व साइटमॅपमध्येही एकच रूप धरा.

दुरुस्त करूनही पुन्हा का येतं

तीन महिन्यांनी परत येणारा बिघाड असेल तर सर्टिफिकेटवर संशय घ्या. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट सहसा ९० दिवसांचं असतं. एकाच सर्टिफिकेटमध्ये दोन्ही नावं असतील आणि मधल्या काळात कुणी नको असलेल्या नावाची डीएनएस नोंद साफसफाईत काढली, तर नूतनीकरणाच्या वेळी त्या नावाची तपासणी नापास होते आणि अख्खं नूतनीकरण अडतं. उलट प्रकार असा की नवं सर्टिफिकेट एकाच नावाचं निघतं. मुख्य पत्ता ठणठणीत दिसतो आणि वळवणारा पत्ता इशाऱ्याचं लाल पान दाखवू लागतो. मालकाच्या ते लक्षात येत नाही, कारण तो नेहमी मुख्य पत्ताच उघडतो.

होस्टिंग बदललं की एचटीॲक्सेस फाइल मागे राहते, कारण नाव टिंबानं सुरू होत असल्यानं ती कॉपी करताना दिसत नाही. अपाचीवरून एनजिनएक्सवर गेलात तर ती फाइल आली तरी वाचली जात नाही. बॅकअप परत चढवला की डेटाबेसमधला साइट ॲड्रेस जुना होतो. कॅशचं प्लगइन किंवा सीडीएन जुन्या कॅनॉनिकलची पानं देत राहतं; बदलानंतर सगळे कॅश रिकामे करायलाच हवेत. चाचणीसाठी ठेवलेली साइटची प्रत उघडी असेल तर ती पाचवा पत्ता बनते. तिला पासवर्ड लावा.

एचएसटीएस घाईनं लावू नका. सुरुवातीला मुदत ३०० सेकंद ठेवा, सगळे सबडोमेन एचटीटीपीएसवर नीट चालतात हे बघा, मग वाढवा. प्रीलोड यादीत (ब्राउझरमध्ये आधीच भरलेली एचएसटीएस साइटची यादी) जायचं असेल तर मुदत किमान ३,१५,३६,००० सेकंद लागते, आणि एचटीटीपीवरून आधी त्याच नावाच्या एचटीटीपीएसवर जाऊन मगच डब्ल्यूकडे वळावं लागतं. म्हणजे डब्ल्यूचा पत्ता निवडलेल्यांना बिनडब्ल्यूच्या एचटीटीपीसाठी दोन टप्पे स्वीकारावे लागतात. ही एक जागा सोडली तर दोन टप्प्यांना कारण नाही. प्रीलोड यादीतून बाहेर यायला महिने लागतात, तेव्हा खरी गरज नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

नंतर काय बघायचं

सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालात 'पेज विथ रीडायरेक्ट'चा आकडा वाढेल. ही त्रुटी नाही. जुने पत्ते बरोबर वळत असल्याची ती नोंद आहे. 'गूगलनं वेगळा कॅनॉनिकल निवडला' हा गट वाढत असेल तर त्यातली पाच पानं उघडून कॅनॉनिकल, साइटमॅप आणि कर्लचा निकाल शेजारी शेजारी ठेवा; तिघांपैकी एक वेगळं बोलताना सापडेल. मुख्य पानं काही दिवसांत बदलतात, कोपऱ्यातली क्वचित वाचली जाणारी पानं बदलायला काही महिनेही जातात. गूगलमध्ये 'site:' आणि पुढे आपलं डोमेन असं शोधून जुने पत्ते दिसतात म्हणून रोज काळजी करू नका; जुना पत्ता मुद्दाम शोधला तर तो बराच काळ दाखवला जाऊ शकतो.

रीडायरेक्टमध्ये पेजरँक (लिंकमुळे पानाला मिळणारं वजन) गळतो ही जुनी भीती आता सोडा. गूगलच्या गॅरी इलिस यांनी २०१६मध्ये ती निराधार असल्याचं स्पष्ट केलं आहे. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. आमचा सल्ला तो कधीच न काढण्याचा. इतरांच्या साइटवरच्या लिंक वर्षानुवर्षं बदलत नाहीत, आणि हा नियम ठेवायला काही खर्चही येत नाही.

दर तीन महिन्यांनी, सर्टिफिकेटच्या नूतनीकरणानंतर दुसऱ्या दिवशी, आणि होस्टिंग, थीम किंवा एसईओ प्लगइन बदलल्यावर लगेच चारही पत्ते कर्लनं तपासा. चार पत्ते आणि तीन पानं मिळून बारा तपासण्या होतात. एका फाइलीत लिहून ठेवल्या तर दोन मिनिटांत उरकतात.